नवी बाजारपेठ, जुनी खतावणी

व्यापारासाठी जेव्हा एखादी नवी वाट खुली होते, तेव्हा व्यापाऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. या वाटेने माल किती दूर आणि किती लवकर जाईल, हा पहिला प्रश्न. वाटखर्च वजा जाता हाती काय उरेल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना दिसते, म्हणून त्याचा गाजावाजा होतो. दुसऱ्याचे उत्तर खतावणीत असते आणि भरभराटीच्या दिवसांत खतावणी उघडून पाहण्याचा उत्साह फार थोड्यांना असतो. इंटरनेटवरील व्यापाराची १९९४ ते २००२ ही पहिली आठ वर्षे म्हणजे या दोन प्रश्नांमध्ये पडलेल्या अंतराचा इतिहास होय. त्या काळात शेकडो पेढ्या उभ्या राहिल्या आणि बुडाल्या. ज्या थोड्या टिकल्या, त्यांतील काही आज जगातील सर्वांत मोठ्या कंपन्यांत गणल्या जातात. त्या का टिकल्या, याचा विचार करणे हे कोणत्याही काळातील व्यापाऱ्यास उपयोगी पडणारे आहे.

व्यापारास बंद असलेला रस्ता

इंटरनेटचा जन्म बाजारासाठी झालेला नव्हता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून १९६९ साली काही विद्यापीठांतील आणि संशोधन संस्थांतील संगणक एकमेकांस जोडण्यात आले. पुढे १९८० च्या दशकात तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने एनएसएफनेट ही मुख्य वाहिनी उभारली. ती जनतेच्या पैशातून चालत असल्याने तिच्यावर व्यापारी व्यवहार करण्यास मनाई होती.

हा बंद दरवाजा दोन टप्प्यांत उघडला. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता सर्वांस खुले केले. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, ३० एप्रिल १९९५ रोजी, एनएसएफनेटची वाहिनी बंद करण्यात आली आणि सारी वाहतूक खाजगी कंपन्यांच्या वाहिन्यांकडे गेली. रस्ता आता कोणा एकाच्या मालकीचा नव्हता आणि त्यावर दुकान मांडण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती.

या मोकळिकीतच पुढील यशाचे आणि अपयशाचे बीज होते. जेथे दुकान थाटणे अत्यंत सोपे असते, तेथे शेजारी दुसरे दुकान थाटणेही तितकेच सोपे असते. ग्राहकाला या दुकानातून त्या दुकानात जाण्यास पायपीट करावी लागत नाही. अशा बाजारात गिऱ्हाईक मिळवण्यापेक्षा गिऱ्हाईक टिकवणे आणि त्यातून नफा उरवणे हे कितीतरी कठीण असते. ही साधी गोष्ट त्या काळी फारच थोड्यांच्या ध्यानी आली.

भावाची पहिली भरती

इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी १९९३ साली मोझाइक हा ब्राउझर तयार केला. चित्रे आणि मजकूर एकाच पानावर दाखवणाऱ्या या साधनामुळे इंटरनेट सामान्य माणसाच्या आटोक्यात आले. एप्रिल १९९४ मध्ये जिम क्लार्क आणि अँड्रीसन यांनी स्थापन केलेल्या कंपनीलाच पुढे नेटस्केप हे नाव मिळाले. ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक सांकेतिक लिपीत पाठवण्याची सोय या कंपनीने विकसित केली. ती नसती तर घरबसल्या खरेदीची कल्पना कागदावरच राहिली असती.

९ ऑगस्ट १९९५ रोजी नेटस्केपचे समभाग बाजारात आले. २८ डॉलरला देऊ केलेल्या समभागाचा पहिला सौदा ७१ डॉलरला झाला आणि दिवसअखेर भाव ५८.२५ डॉलरवर स्थिरावला. कंपनीचे वय अवघे सोळा महिने होते आणि तिने नफा कमावलेला नव्हता. त्या दिवसाने एक चुकीचा धडा घालून दिला. नफा नसतानाही भांडवल मिळू शकते, ही गोष्ट खरी होती. मात्र तिचा अर्थ अनेकांनी नफ्याची गरजच उरली नाही, असा लावला.

नेटस्केपचे पुढे काय झाले, हे त्या अर्थाचे उत्तर होते. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट देण्यास प्रारंभ केला. जी वस्तू शेजारचा बडा दुकानदार फुकट वाटू शकतो, तिच्या विक्रीवर पेढी फार काळ चालत नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये नेटस्केप अमेरिका ऑनलाइनला विकली जाणार असल्याचे जाहीर झाले.

सिएटलचे पुस्तकांचे दुकान

न्यूयॉर्कमधील एका गुंतवणूक संस्थेतील नोकरी सोडून जेफ बेझोस १९९४ साली सिएटलला गेले. विकण्यासाठी त्यांनी पुस्तकांची निवड केली, त्यामागे विचार होता. छापील पुस्तकांची शीर्षके लाखोंच्या घरात असतात. ती सर्व ठेवू शकेल असे दुकान विटामातीत बांधताच येत नाही. पुस्तक नाशवंत नसते, टपालाने सुखरूप जाते आणि ते कोठूनही घेतले तरी तेच असते. सिएटलपासून काही तासांच्या अंतरावर, ओरेगॉन राज्यातील रोझबर्ग येथे, पुस्तकांच्या एका मोठ्या घाऊक वितरकाचे गोदाम होते, हेही त्यांनी पाहिले होते.

१६ जुलै १९९५ रोजी अ‍ॅमेझॉन सर्वांसाठी खुले झाले. आरंभीच्या दिवसांतील दोन हकिगती बेझोस यांनीच पुढे जाहीरपणे सांगितल्या आहेत. वितरक एका वेळी किमान दहा पुस्तकांची मागणी घेत. या नव्या दुकानाला मात्र बहुधा एकच प्रत हवी असे. तेव्हा हवे ते एक पुस्तक आणि वितरकाकडे शिल्लक नसलेले दगडफुलावरील एक दुर्मीळ पुस्तक नऊ प्रतींत, अशी मागणी नोंदवली जाई. वितरक एक पुस्तक पाठवी आणि उरलेल्या नऊंबद्दल दिलगिरी कळवी. दुसरी हकिगत बांधणीची. सारे जण फरशीवर गुडघे टेकून पुस्तके बांधत असताना गुडघ्यांना बांधण्यासाठी गाद्या आणाव्यात, असे बेझोस म्हणाले. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिले आणि आपल्याला टेबले हवीत, असे सुचवले. दुसऱ्या दिवशी टेबले आली आणि काम दुप्पट झाले.

या गमतींपेक्षा महत्त्वाची होती ती पैशाच्या फिरण्याची रीत. ग्राहकाच्या कार्डावरून रक्कम तात्काळ जमा होई, तर वितरकाचे देणे काही आठवड्यांनी चुकते करायचे असे. माल गोदामात फार दिवस पडून राहत नसे. म्हणजे विक्री जसजशी वाढे, तसतसा मधल्या काळासाठी हाती राहणारा पैसाही वाढे. उधारीवर माल देऊन वसुलीसाठी फेऱ्या मारणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्यास या रचनेचे मोल सांगावयास नको.

तरीही अ‍ॅमेझॉन तोट्यात होते, हे विसरून चालणार नाही. १९९९ साली तिचा तोटा सुमारे ७२ कोटी डॉलर होता. २००० साली तो १४० कोटींच्या आसपास पोहोचला. म्हणूनच या काळाचा बोध केवळ 'तोटा करू नये' एवढा सोपा नाही. कोणता तोटा गोदामे उभारण्यात आणि गिऱ्हाईक जोडण्यात जातो व कालांतराने थांबतो, आणि कोणता तोटा प्रत्येक विक्रीबरोबर नव्याने जन्मतो, हा भेद ओळखणे हीच खरी कसोटी होती.

अनोळखी माणसांची पत

१९९५ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील पिअर ओमिडयार या तरुण संगणकतज्ज्ञाने नोकरी सांभाळून लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे ईबे झाले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. त्याला १४.८३ डॉलर मिळाले. वस्तू मोडकी आहे, हे ठाऊक आहे ना, असे विचारले असता आपण मोडक्या लेझर पॉइंटरांचाच संग्रह करतो, असे घेणाऱ्याने कळवले. ज्या वस्तूला एका गावात गिऱ्हाईक नाही, तिला जगाच्या बाजारात कोठेतरी गिऱ्हाईक असतेच, हे या लहानशा व्यवहाराने दाखवून दिले.

संकेतस्थळावरील वर्दळ वाढली तेव्हा सेवा पुरवणाऱ्या कंपनीने महिन्याचे भाडे २५० डॉलर केले. ते भरून काढण्यासाठी ओमिडयार यांनी विक्रीवर अल्प शुल्क ठेवले आणि टपालाने धनादेशांचा ओघ सुरू झाला. खर्च वाढताच उत्पन्नाची सोय करण्याची ही सवय त्या पेढीला जन्मापासून लागली. माल तिचा नव्हता, गोदाम नव्हते आणि पाठवणीचा खर्च विकणारा व घेणारा आपसांत पाहत. सप्टेंबर १९९८ मध्ये तिचे समभाग बाजारात आले, तेव्हा ती नफ्यात होती. त्या वर्षांत हा अपवादच म्हणावा लागेल.

पण तिचे खरे भांडवल पत हे होते. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे पैसे आधी पाठवत आणि मालाची वाट पाहत. १९९६ च्या आरंभी ओमिडयार यांनी प्रत्येक व्यवहारानंतर एकमेकांविषयी उघड अभिप्राय नोंदवण्याची सोय केली. पेठेत एखाद्याची पत पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीतून ठरते. येथे ती व्यवहारांच्या नोंदीतून सर्वांना दिसू लागली. जून १९९९ मध्ये ही यंत्रणा सुमारे बावीस तास बंद पडली, तेव्हा कंपनीने विक्रेत्यांचे लक्षावधी डॉलरचे शुल्क परत केले. पत गमावण्यापेक्षा पैसा गमावणे स्वस्त पडते, हे तिला उमगले होते.

एका ऑर्डरीचा हिशेब

या काळातील सर्वांत बोधप्रद अपयश म्हणजे वेबव्हॅन. घरोघरी किराणा पोहोचवण्याची ही योजना लुई बॉर्डर्स यांची. पुस्तकांच्या दुकानांची मोठी साखळी उभारणाऱ्यांपैकी ते एक होते, म्हणजे व्यापारात नवखे नव्हते. जून १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात सेवा सुरू झाली. ओकलंड येथील गोदाम सुमारे ३ लाख ३० हजार चौरस फुटांचे होते आणि त्यात माल सरकत्या पट्ट्यांवरून आपोआप फिरे. ग्राहकाने निवडलेल्या अर्ध्या तासाच्या वेळेत सामान दारी पोहोचे. पन्नास डॉलरवरील खरेदीस घरपोच सेवा मोफत होती. ग्राहक संतुष्ट होते.

दोष सेवेत नव्हता, हिशेबात होता. गोदाम रोजच्या सुमारे ८,००० ऑर्डरींसाठी बांधलेले होते. प्रत्यक्षात येणाऱ्या ऑर्डरी त्याहून फारच कमी होत्या. उदाहरणादाखल समजा, एका गोदामाचा रोजचा ठरलेला खर्च ८० हजार डॉलर आहे. ८,००० ऑर्डरी आल्या तर प्रत्येकीवर दहा डॉलरचा बोजा पडतो. २,००० आल्या तर तोच बोजा चाळीस डॉलरचा होतो. किराण्यात शंभर डॉलरच्या विक्रीमागे निव्वळ नफा जेमतेम दोन-तीन डॉलरचा. त्यातून हा बोजा निघणार कोठून? मोटार, चालक आणि इंधन यांचा खर्च आणखी वेगळा.

पहिल्या गोदामाचा हिशेब जुळेपर्यंत थांबणे शहाणपणाचे होते. परंतु सेवा सुरू होऊन महिना-दीड महिना होतो न होतो तोच, जुलै १९९९ मध्ये, देशभर अशी २६ गोदामे बांधण्यासाठी सुमारे १०० कोटी डॉलरचा करार करण्यात आला. नोव्हेंबर १९९९ मध्ये १५ डॉलर भावाने समभाग विकून ३७.५ कोटी डॉलर उभे राहिले आणि ते सारे या विस्तारात गेले. ९ जुलै २००१ रोजी कंपनीने कामकाज बंद केले. सुमारे २,००० कर्मचाऱ्यांची नोकरी त्या दिवशी गेली.

याच काळात ब्रिटनमध्ये टेस्को ही जुनी किराणा कंपनी तेच काम अगदी साधेपणाने करीत होती. तिने आरंभी नवी गोदामे बांधली नाहीत. ग्राहकाची यादी जवळच्या दुकानात जाई, दुकानातील नोकर फळ्यांवरून माल काढून टोपल्यांत भरत आणि गाडी तो पोहोचवी. पोहोचवण्याबद्दल पाच पौंड आकारले जात. त्या काळच्या तंत्रप्रेमी मंडळींना ही रीत मागासलेली वाटली. परंतु मागणी कमी असली तर टेस्कोचे फारसे अडत नव्हते, कारण दुकान, माल आणि नोकर अगोदरच पोटापाण्याला लागलेले होते. अंथरूण पाहून पाय पसरणे म्हणतात, ते हेच.

पाळीव प्राण्यांचे खाद्य विकणाऱ्या पेट्स डॉट कॉमची कथा याहून थोडक्यात सांगता येते. फेब्रुवारी ते सप्टेंबर १९९९ या काळात तिची विक्री सुमारे ६ लाख १९ हजार डॉलर आणि जाहिरातखर्च सुमारे १ कोटी १८ लाख डॉलर होता. एक डॉलरच्या विक्रीसाठी एकोणीस डॉलरची जाहिरात! त्यात माल खरेदीभावापेक्षाही स्वस्त विकला जाई आणि कुत्र्यांच्या खाद्याची जड पोती पाठवण्याचा खर्च वेगळाच. अशा व्यवहारात विक्री वाढली की तोटाच वाढतो. जाहिरातीतील मोज्याचे बाहुले अमेरिकेत घराघरांत पोहोचले, पण फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आलेली ही कंपनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली.

ओहोटी

१० मार्च २००० रोजी नॅस्डॅक निर्देशांक ५,०४८.६२ वर बंद झाला. ९ ऑक्टोबर २००२ रोजी तो १,११४.११ वर होता. अडीच वर्षांत शंभरातील सुमारे अठ्ठ्याहत्तर गेले. मार्च २००० चा तो आकडा पुन्हा गाठण्यास एप्रिल २०१५ उजाडावे लागले. हे केवळ आकडे नव्हेत. कमी पगारावर काम करून त्याऐवजी समभागांचे हक्क स्वीकारणारे तरुण, निवृत्तीची पुंजी या समभागांत गुंतवणारे वृद्ध आणि ज्यांची बिले कधीच चुकती झाली नाहीत असे लहान पुरवठादार, या सर्वांच्या आयुष्यावर त्याचे ओरखडे उमटले. ज्या माणसाने चाळिशीत पैसे गुंतवले, त्याला मुद्दल परत दिसेपर्यंत पंचावन्नावे वर्ष लागले, तेही त्याने विकत घेतलेली कंपनी जिवंत राहिली असेल तर.

अ‍ॅमेझॉनही या वादळातून सुटले नाही. तिचा समभाग डिसेंबर १९९९ मध्ये शंभर डॉलरच्या वर होता. २००१ च्या शरद ऋतूत तो सहा डॉलरच्या खाली आला. जानेवारी २००१ मध्ये १,३०० जणांना कमी करण्यात आले. ती तगली याचे मोठे श्रेय एका निर्णयास जाते. बाजार कोसळण्यापूर्वी महिनाभर, फेब्रुवारी २००० मध्ये, तिने युरोपात ६९ कोटी युरोचे कर्जरोखे विकून रोकड हाताशी ठेवली होती. दुष्काळाआधी भरलेल्या कणगीप्रमाणे ती रक्कम कामी आली. नोव्हेंबर २००० पासून इतर विक्रेत्यांना आपल्याच पानांवर जागा देऊन तिने दलालीचे उत्पन्न वाढवले. २००१ च्या अखेरच्या तिमाहीत तिने पहिला नफा दाखवला. तो होता ५० लाख डॉलर, एका समभागामागे अवघा एक सेंट. रक्कम किरकोळ होती. पण विक्रीबरोबर तोटा वाढलाच पाहिजे असे नाही, हे त्या एका सेंटने सिद्ध केले.

मुंबईचा किनारा

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच्याही आधी, मार्च १९९५ मध्ये, मुंबईच्या राजेश जैन यांनी इंडियावर्ल्ड हे संकेतस्थळ सुरू केले होते. देशात वाचक नव्हते, तेव्हा परदेशस्थ भारतीयांना घरच्या बातम्या पुरवाव्यात, हा विचार त्यामागे होता. गिऱ्हाईक कोठे आहे हे आधी पाहून माल ठरवण्याचे हे उत्तम उदाहरण होय. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांस घेण्याचे जाहीर केले. या आकड्याने देश थक्क झाला आणि संकेतस्थळ काढून लवकर विकून टाकावे, अशी घाई अनेकांना झाली. पाच वर्षांची मेहनत कोणी पाहिली नाही. शेवटचा आकडा तेवढा सर्वांनी पाहिला. काही महिन्यांतच बाजार उतरला आणि ती घाई विरून गेली.

मुंबईला अशी भरती-ओहोटी नवी नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात येथील कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून समभागांचा जुगार माजला. १८६५ मध्ये युद्ध संपताच कापूस उतरला आणि बॅकबे भरावाच्या कंपनीसह अनेक कंपन्या बुडाल्या. भाव पाहून व्यवहार करणारे आणि माल पाहून व्यवहार करणारे यांच्यातील फरक त्या वेळीही ओहोटीनंतरच कळला.

भारतात ज्या सेवा टिकल्या, त्यांनी लोकांची नित्याची अडचण दूर केली. ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेची तिकिटे इंटरनेटवर मिळू लागली, तेव्हा ती कुरियरने घरी येत आणि त्यासाठी प्रवासी आनंदाने शुल्क भरत, कारण खिडकीपुढील रांग त्यांनी अनुभवली होती. पुढे २०१० साली फ्लिपकार्टने माल हाती पडल्यावर पैसे घेण्याची सोय केली, तीही अनोळखी दुकानदाराच्या पतीचा प्रश्न ओळखूनच.

उरलेले संचित

बुडालेल्या पेढ्यांचे सर्वच वाया गेले, असे म्हणता येणार नाही. वेबव्हॅनमध्ये काम केलेल्या मिक माउंट्झ यांनी तेथे ऑर्डर भरण्याचा खर्च पेढीला कसा खातो, हे जवळून पाहिले होते. कामगाराने मालापर्यंत चालत जाण्याऐवजी यंत्रमानवाने फळीच कामगारापुढे आणावी, ही कल्पना घेऊन त्यांनी २००३ साली किवा सिस्टिम्स ही कंपनी काढली. २०१२ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती ७७.५ कोटी डॉलरला घेतली. वेबव्हॅनचे जुने अधिकारी अ‍ॅमेझॉनच्या किराणा विभागातही गेले. आज घरपोच किराणा महानगरांत नित्याचा झाला आहे. म्हणजे वेबव्हॅनची कल्पना खोटी नव्हती. एका ऑर्डरीचा हिशेब जुळण्यापूर्वीच सव्वीस गोदामांची भाषा केली, ही तिची चूक.

नेटस्केपचा भाव, ईबेची पत, वेबव्हॅनची गोदामे आणि अ‍ॅमेझॉनचा एक सेंट या सर्वांतून एकच गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. इंटरनेटने दुकानाचा दरवाजा, त्याचे अंतर आणि त्याची वेळ बदलली. जमा आणि खर्च यांचे नाते मात्र बदलले नाही. भांडवल म्हणजे उत्पन्न नव्हे. ते उत्पन्न सुरू होईपर्यंत मिळालेली मुदत असते. ही मुदत कोणी गोदामे मोठी करण्यात घालवली, कोणी जाहिरातीत उधळली, तर कोणी एका पुस्तकाच्या बांधणीचा खर्च कमी करण्यात वापरली. नव्या तंत्राची प्रत्येक लाट येते, तेव्हा जुने हिशेब आता लागू नाहीत, असे सांगणारे भेटतातच. त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकावे, त्यांतील नवे ते अवश्य घ्यावे आणि दिवसाअखेर नेहमीप्रमाणे रोजमेळ लिहावयास बसावे.